मधली शिवण

येरमाळ्यात अयोध्याला निवांत बसलेली पाहिलीय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडायचा नाही. चहा ती उभ्यानं पिते. भाकरी थापायला बसावंच लागतं म्हणून बसते, पण तेव्हाही एक गुडघा उभा, जणू कळंबची बस सुटायलाच आलीय. शेजारीण काही सांगायला आली की निम्मं ऐकून 'व्हय व्हय, कळलं' म्हणत ही परसात. उरलेलं निम्मं शेजारणीनं भिंतीला सांगावं. नवरा गोरोबा हायवेला पंक्चरचं दुकान चालवतो. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठून येतोय ते शांतपणे बघत बसणारा माणूस तो. "सासऱ्यानं पोरगी दिली ती पायाला भिंगरी बांधूनच," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. गिऱ्हाइकं हसतात, कारण तोवर अयोध्या जेवणाचा डबा टेकवून पुढं निघालेलीही असते.

अशा बाईच्या हातची वाकळ मात्र गावात नावाजलेली. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे चौकोन कापायचे, एकाला एक जोडून पट्टी करायची आणि मग पट्टीला पट्टी जोडायची, हे कुणालाही येतं. सगळी गोम असते ती पट्टीला पट्टी जोडताना. चार चौकोनांची टोकं एका जागी भेटली पाहिजेत. त्या जागेला अयोध्या चौक म्हणते. चौक सुतानंही सरकता कामा नये. त्यासाठी एका पट्टीच्या शिवणींची दुमड उजवीकडं पाडायची आणि दुसरीच्या डावीकडं. मग दोन पट्ट्या एकमेकींवर पालथ्या घातल्या की दुमडीच्या कडेला दुमड येऊन अडते. डोळ्याला दिसत नाही, नखाला कळतं. तिथं बाभळीचा काटा टोचून ठेवायचा आणि मग शिवत यायचं. हे सगळंसुद्धा अयोध्या ओसरीच्या कट्ट्यावर कापड पसरून, उभ्यानं वाकून करायची, आणि पाठ भरून आली की गल्लीतून एक फेरी मारून यायची. दुसऱ्याच्या वाकळीत चौक हललेला दिसला की तो उसवायला तिची बोटं शिवशिवायची. पाहुणी म्हणून कुठं गेली तरी अंथरूण उलटं करून बघायची खोड काही जात नव्हती.

तिची एकुलती एक लेक हर्षाली. दोन वर्षांमागं ती माकणीला दिली. जावई मल्हार गुणी, घर शेतीवाडीचं, सगळं चांगलं, फक्त विहीण सोडून. असं अयोध्याचं मत होतं आणि ते तिनं कुणापासून लपवलेलं नव्हतं.

झालं होतं असं, की लग्नात विहिणींच्या भेटीच्या वेळी हर्षालीच्या सासूनं, कडूबाईंनी, अयोध्याला आपल्या हातानं कुंकू लावलं नाही. उजवा हात पदराखाली होता तो पदराखालीच राहिला. त्यांनी जावेला पुढं केलं. कुंकू जावेनं लावलं, ओटी जावेनं भरली आणि कडूबाई बाजूला नुसत्या उभ्या. भरल्या मांडवात! अयोध्याच्या डोक्यात सणक गेली. पोरीची बाजू म्हणून तोंड दाबून गप्प राहिली, पण त्या दिवसापासून तिनं माकणीच्या घराची पायरी चढली नाही. कडूबाईही कधी येरमाळ्याला आल्या नाहीत. सणावाराला हर्षालीला घेऊन मल्हार तेवढा यायचा, दोन्हीकडचे निरोप गिळून गोड तेवढे सांगायचा, आणि परत जायचा.

आता हर्षाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगी झालेली, आणि बारसं परवावर आलेलं. माकणीच्या घरात एक रीत होती. पहिल्या बाळाचं दुपटं दोन आज्यांचं असायचं. निम्मं आईच्या आईनं शिवायचं, निम्मं बापाच्या आईनं, आणि बारशाला दोघींनी बायकांच्या समोर बसून मधली शिवण घालायची. एकीनं या टोकानं, दुसरीनं त्या टोकानं, आणि मधे गाठायचं. मग त्याच दुपट्यावर बाळ पाळण्यात.

"आई, माझ्यासाठी तेवढं एक कर," हर्षालीनं सातव्या महिन्यातच आईचा पदर धरून सांगितलं होतं. "तुमी दोघी एका दुपट्यावर बसा. लोकं बघत्याल. मधली शिवण जुळली न्हाय तर म्या पोरीला घेऊन तिकडं कोणत्या तोंडानं जाऊ? आन् इकडं तरी कुठवर ऱ्हाऊ?"

अयोध्यानं तेव्हा मान हलवली. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिच्या काळजाचं पाणी झालं होतं. माप हर्षालीनंच फोनवर सासूला विचारून घेतलं. आत्या म्हणतात चौकोन वीतभर, पाच चौकोनांची एक पट्टी, अशा तीन पट्ट्या तुमच्या आणि तीन आमच्या. इंच कुणी विचारले नाहीत, कुणी सांगितले नाहीत. विचारायचं काय? वीत म्हणजे वीत. अयोध्यानं आपला हात कापडावर पसरला आणि कात्री चालवली.

माकणीच्या निम्म्याची पिशवी एसटीच्या कंडक्टरबरोबर आली. गोरोबानं ती स्टँडवरून आणून कट्ट्यावर ठेवली. अयोध्यानं घाईघाईनं आपलं निम्मं पसरलं, कडूबाईंचं त्याला लावलं, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पहिलाच चौकोन दोन बोटं कमी. दुसऱ्याला तफावत दुप्पट. पाचव्या चौकोनाला पोचेपर्यंत अयोध्याचं दुपटं जवळजवळ वीतभर पुढं निघून गेलेलं, आणि दोन्हींतली एकही शिवण समोरासमोर येत नव्हती.

"कापड वाचवलं बयेनं!" ती ओरडली. "नातीच्या दुपट्यात! चार चिंध्या जास्त लागल्या असत्या तर घर बसलं असतं का तिचं?"

गोरोबानं दोन्ही तुकड्यांकडं नीट पाहिलं. "हवा भरून मोठं होतंय का बघ," तो म्हणाला आणि दुकानाकडं गेला. नवरा अशा वेळी घरात थांबत नाही हेच बरं.

मग अयोध्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. ओसरी, परस, परत ओसरी. कडूबाईंचं कापड ओढून ताणून बघितलं, ते तिरकं झालं. आपल्या बाजूला चुण्या घालून बघितल्या. त्या बोटाला टचटच लागल्या, तर त्या लेकराच्या पाठीला लागणार नाहीत? कडेला वेगळी पट्टी जोडून लांबी भरून काढावी म्हटलं, तर लांबी भरली पण चौक एकही भेटेना. चुलीवर दूध ठेवून विसरली, ते उतू गेलं. देवीच्या वाटेवर कुणाकडं तरी जाऊन यावं म्हणून निघाली, अर्ध्या वाटेत कशाला निघालो तेच आठवेना, तशीच फिरली. जिवाची नुसती घालमेल. परवा गल्लीतल्या बायका जमणार, सगळ्यांत पुढं सिताबाई बसणार, जिची नजर घारीची आणि जीभ त्याहून धारदार. तिच्यासमोर हे वेडंवाकडं दुपटं पसरायचं? आणि माकणीकरणीनं पदराखाली हात घेऊन बाजूला उभं राहायचं, लग्नात राहिली तशी?

"आई," आतल्या खोलीतून बाळाला मांडीवर घेतलेल्या हर्षालीनं हाक मारली, "आत्यांचा हात..."

"त्यांच्या हाताचं कवतिक नगं सांगू मला!" असं म्हणत अयोध्या परसात गेली.

थोड्या वेळानं हर्षालीनं पुन्हा तोंड उघडलं. "अगं, ऐकून तर घे."

"ऐकलं. दिसतंय की डोळ्यांनी." आणि ती पाण्याची घागर उचलून निघालीसुद्धा. घागर भरलेलीच होती.

दुपार कलली तेव्हा तिचा विचार पक्का झाला. कडूबाईंचं निम्मं सगळं उसवायचं. त्यांचे तुकडे आपल्या मापाच्या चौकोनांत मधे मधे बसवायचे आणि अख्खं दुपटं एकटीनं पुरं करायचं. बारशाला सांगायचं, जुळत नव्हतं म्हणून म्या केलं. हर्षाली रडेल, रडू दे. चार दिवस रडेल. चुकीच्या चौकापेक्षा ते बरं.

तिनं ब्लेड घेतलं, कडूबाईंची एक पट्टी उलटी केली आणि उसवायला गाठ शोधू लागली. गाठ नेहमी उजव्या टोकाला असते. बाई शिवते ती उजवीकडून डावीकडं, हात तसा चालतो, दोरा तिथं सुरू होतो. तिथं गाठ नव्हती. अयोध्यानं बोट फिरवलं. गाठ डाव्या टोकाला होती. दुसरी शिवण बघितली, तिचीही डावीकडं. तिसरी, चौथी. झाडून सगळ्या गाठी डावीकडं. आणि शिवणींची दुमडही उलट्या बाजूला पडलेली.

डाव्या हातानं शिवलंय, तिच्या लक्षात आलं. पण कडूबाई डावखुऱ्या नव्हत्या. साखरपुड्याची बोलणी झाली तेव्हा याच बाईनं उजव्या हातानं पान लावून आपल्याला दिलं होतं, हे अयोध्याला लख्ख आठवत होतं.

तिनं पट्ट्या उजेडाला धरल्या. पहिल्या पट्टीतले टाके लांबडे, वाकडे, कुठं एकावर एक चढलेले. एका जागी कापडाला तांबूस ठिपका होता, सुई टोचल्याचा. उसवून पुन्हा शिवल्याची भोकं तर जागोजागी. दुसऱ्या पट्टीत टाके जरा रांगेत आलेले. तिसऱ्या पट्टीत ते इतके बारीक आणि सरळ, की अयोध्याच्या स्वतःच्या टाक्यांशेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत. दुपटं शिवता शिवता कुणीतरी शिवायला शिकलं होतं. नव्यानं, दुसऱ्या हातानं.

ब्लेड कट्ट्यावर ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि हर्षालीच्या बाजेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. हर्षाली बघतच राहिली.

"तुझ्या सासूच्या हाताला काय झालंय?"

"दोन वरसं सांगतेय म्या, आई," हर्षाली म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तू बसलीस का कधी?"

मग तिनं सांगितलं. सोयरीक जमली, सुपारी फुटली, आणि त्याच आठवड्यात कडूबाईंचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. राहिलेली बोटं पुरती उघडत नाहीत. घरात रडारड झाली, आणि पहिल्यांदा डोळे पुसले ते कडूबाईंनी. म्हणाल्या, हे लग्न होईस्तवर बाहेर फुटता कामा नये. सुपारी फुटली आणि सासूचा हात गेला, असं लोकांनी म्हटलं की संपलं. पोरीचा पायगुण म्हणतील. जन्मभर तिच्या माथी मारतील.

"म्हणून मांडवात हात भाईर काढला न्हाय त्यांनी," हर्षाली म्हणाली. "कुंकवाचं बोटच गेलं होतं, आई. डाव्या हातानं लावलं असतं तर तू काय म्हटलं असतंस? आन् मला शपथ घातली, माहेरी सांगू नगं म्हणून. तरी म्या सांगाय बघत व्हते. आता दुपट्याचं म्हणाल्या, नातीसाठी म्या सोताच शिवणार. ह्यांनी सांगितलं, चौकोन मापायला उजवा हात टेकवायच्या आन् डाव्यानं कात्री धरायच्या. महिनोन्‌महिने बसल्या व्हत्या गं."

अयोध्याची नजर आपल्या उघड्या पंजावर गेली. वीत म्हणजे वीत, असं आपण म्हणालो होतो. कडूबाईंनीही वीतच धरली होती, त्यांच्याकडं जेवढी उरली होती तेवढी. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या बाजेशेजारी कळलं. ज्या हाताचा राग तिनं दोन वर्षं गावभर मिरवला, तो हात तिच्याच लेकीसाठी पदराखाली राहिला होता. तिला रडू आलं, आणि ती उठून गेली नाही. बसल्या जागी रडली.

मग ती कट्ट्याशी आली आणि ब्लेड उचलून स्वतःचं निम्मं उसवायला लागली. इतका नेटका चौक तिनं उभ्या आयुष्यात केला नव्हता, आणि तोच तिच्या हातानं सुटत होता. जीव तुटला, पण हात थांबला नाही. कडूबाईंचा एक चौकोन मापाला घेतला, त्यावर आपला एकेक ठेवला, बाजूंनी कापड कापून काढलं. दिवेलागणीपर्यंत तेच, दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तेच. मधेच पाय वळवळायचे, उठून दाराशी जायची आणि लगेच परत फिरायची. पट्ट्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा तिनं आपली शेवटची पट्टी कडूबाईंच्या पट्टीवर पालथी घातली आणि शिवणींवरून नख फिरवलं. तिच्या दुमडी उजवीकडं, कडूबाईंच्या डावीकडं. दुमडीला दुमड येऊन अडली. एकूण एक. तिनं प्रत्येक चौकाला बाभळीचा काटा टोचला आणि ते दुपटं तसंच उघडं ठेवलं.

बारशाच्या सकाळी माकणीची जीप आली. कडूबाई उतरल्या. डोईवर पदर, उजवा हात पदराखाली. दोन्ही विहिणींनी एकमेकींकडं पाहिलं. ओसरीत सतरंजी अंथरलेली, घुगऱ्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं, पाळण्याला फुलांच्या माळा. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि सिताबाई अर्थातच पुढं.

दुपटं मधे पसरलं. कडूबाई एका बाजूला बसल्या, समोर अयोध्याची जागा.

"तुमीच घाला शिवण, विहीणबाई," कडूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला अलीकडं सुईचं नाकं दिसत न्हाय."

बायकांत कुजबुज झाली. अयोध्या उठली. ही आता निघाली, असं हर्षालीला वाटलं आणि तिनं बाळाला घट्ट धरलं. पण अयोध्या वळसा घालून कडूबाईंच्या बाजूला आली आणि त्यांच्या उजव्या अंगाला, खेटून बसली. आता तो हात पदराबाहेर आला तरी सहजासहजी कुणाला दिसणार नव्हता. तिनं दोरा ओवून ठेवलेल्या दोन सुया काढल्या, एक स्वतः घेतली, आणि दुसरी गुपचूप कडूबाईंच्या डाव्या हातात दिली.

"तुमी डावीकडून या," ती म्हणाली. "म्या उजवीकडून येते."

कडूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "हर्षालीनं सांगितलं व्हय?"

"तुमच्या गाठी डावीकडं हायत," अयोध्या पुटपुटली. "मग म्या तिला विचारलं. माझं लई चुकलं, विहीणबाई. दोन वरसं चुकलं."

 कडूबाईंच्या पदराखालून उजवा हात निघाला, अंगठा आणि दोन बोटं, आणि तो अयोध्याच्या निम्म्यातल्या चौकोनावर टेकला. जमेल तेवढा उघडला. या काठापासून त्या काठापर्यंत बरोबर बसला.  मग त्यांनी कापड त्याच हातानं दाबून धरलं आणि डाव्या हातानं पहिला टाका घातला.

सिताबाईची मान तोवर उंच झालीच होती. "अगं बया! विहीणबाईंच्या हाताला काय झालं? कधी झालं म्हणायचं हे?"

 हर्षालीचा चेहरा उतरला. कडूबाईंची सुई कापडात तशीच थांबली.

अयोध्यानं मान वर केली नाही. "लई जुनं हाय ते," ती टाका ओढत म्हणाली. "सोयरीक व्हायच्या कितीतरी आधीचं. पोरगी बघायला आल्या तवाच म्या बघितलं व्हतं. घुगऱ्या निवायल्यात, सिताबाई, तेवढं पातेलं वाटायला घ्या की."

सिताबाई उठली. कडूबाईंची सुई पुन्हा चालू लागली. एक डावीकडून, एक उजवीकडून, चौकामागून चौक सरला, आणि मधल्या चौकोनाच्या पोटाशी दोन सुया भेटल्या. दोन्ही दोऱ्यांची एकच गाठ अयोध्यानं मारली. कडूबाईंनी करंडा पुढं ओढला, मधलं बोट कुंकवात बुडवलं आणि अयोध्याच्या कपाळाला लावलं. बोटाला सवय नव्हती, कुंकू भुवईच्या बाजूला सरकून वाकडं लागलं. कुणीतरी ते नीट करायला हात पुढं केला, तो अयोध्यानं बाजूला सारला.

पाळणा झाला, नाव ठेवलं, बाळ दुपट्यावर मधोमध झोपलं. गोरोबा चहाचा ट्रे घेऊन आला तेव्हा बायको विहिणीच्या शेजारी मांडी घालून बसली होती. तिनं कप घेतला आणि बसल्या जागी प्यायला लागली.

"बरं न्हाय का गं?" गोरोबानं घाबरून विचारलं.